पॅकेटवर आर्टवर्क बसवताना: रिकाम्या पॅकच्या फोटोपासून शेवटच्या तपासणीपर्यंत

रिकाम्या पॅकेटच्या फोटोवर आर्टवर्क, म्हणजे छपाईचं डिझाइन, ठेवायचं, कोपरे ओढून जुळवायचे, मल्टिप्लाय (दोन लेयर मिसळून गडद करणारा ब्लेंड मोड) लावायचं आणि फाइल पाठवून द्यायची, अशी बहुतेकांची पद्धत असते. चित्र समोर आलं की काहीतरी खटकतं, पण नेमकं काय ते सापडत नाही. मग सावली गडद केली जाते, पांढऱ्या ब्रशने चमक काढली जाते आणि पॅक आणखीच खोटा दिसायला लागतो. चूक मात्र बहुतेक वेळा दोन-तीन पायऱ्या मागे झालेली असते.

म्हणून या कामात क्रमाला फार महत्त्व आहे. आधी आकार, मग उजेड, मग छपाईचा पोत, मग कडा आणि सगळ्यात शेवटी फोटोचे कण. आकार चुकलेला असताना उजेडावर मेहनत घेतली तर ती वाया जाते, कारण आकार दुरुस्त केला की उजेड पुन्हा जुळवावा लागतो. दुसरी गोष्ट पूर्ण लेखभर लक्षात ठेवा: उजेड आणि सावली आपण रंगवायची नाही. ती फोटोत आधीपासून आहे. तिथूनच ती काढून आर्टवर्कवर आणायची.

पुढच्या सगळ्या सूचना फोटोशॉप धरून दिल्या आहेत. मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड आणि ऑल्टच्या जागी ऑप्शन वापरा.

## टप्पा १: फोटो कामाचा आहे का, ते आधी पाहा

पॅक कोरा असावा आणि शक्यतो पांढरा किंवा फिकट राखाडी. जुनी छपाई असलेल्या पॅकवर नवं आर्टवर्क बसवायचा मोह टाळा. जुनी अक्षरं पुसताना त्यांच्याखालचा उजेडही पुसला जातो, आणि मग तो अंदाजाने रंगवावा लागतो. कोरा नमुना मिळवायला लागणारा वेळ पुढे भरून निघतो.

फोटो स्वतः काढणार असाल तर एक्स्पोजर थोडं कमी ठेवा. पांढऱ्या कागदाची उजळ बाजू फोटोत २०० च्या आसपास यावी, २५० ला नको. शून्य (काळा) ते २५५ (पांढरा) या मोजपट्टीवर कागद २५० ला असेल तर चमकेसाठी वर जागाच उरत नाही. कागद आणि चमक एकच होऊन जातात आणि टप्पा ५ मध्ये चमक वेगळी काढता येत नाही. कागद २०० ला असला की २०० ते २५५ एवढा पट्टा चमकेला मिळतो. इन्फो पॅनेल उघडून आयड्रॉपर पॅकवर फिरवला की हे आकडे लगेच दिसतात.

लेन्स लांब पल्ल्याची घ्या, पूर्ण फ्रेमच्या कॅमेऱ्यावर साधारण ७० ते १०० मिलिमीटर. मोबाइलची वाइड लेन्स जवळ नेली की खोक्याची पुढची कड फुगते आणि मागच्या कडा एकदम आत ओढल्या जातात. गणिताने त्यावर आर्टवर्क नीट बसतं, पण पॅकच बेढब दिसतो. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढा आणि एका फोटोत राखाडी कार्ड ठेवा, म्हणजे व्हाइट बॅलन्सचा वाद राहत नाही.

तपासणी: फोटो १०० टक्क्यांवर उघडा. ज्या बाजूवर मुख्य आर्टवर्क येणार आहे ती तिच्या चारही कोपऱ्यांपर्यंत स्पष्ट आहे का? एखादी जागा २५५ ला जाऊन सपाट झाली आहे का? झाली असेल तर फोटो बदला. त्या जागेत कोणतीही माहिती उरलेली नसते आणि कोणतंही फिल्टर ती परत आणत नाही.

## टप्पा २: आर्टवर्क छपाईच्या फाइलमधून सोडवून घ्या

प्रेसला जाणारी फाइल जशीच्या तशी उचलू नका. तिच्यावर डायलाइन (कापण्या-घडीच्या रेषांचा आराखडा) असते, कटमार्क असतात, सगळीकडून ३ मिलिमीटरच्या आसपास ब्लीड (कापून जाणारी जास्तीची छपाई) असतं, चिकटपट्टीची रिकामी जागा असते. यातलं काहीही पॅकवर दिसता कामा नये. पीडीएफ आत घेताना फोटोशॉप क्रॉपचे पर्याय विचारतं. एकाच पॅनेलचं लेबल असेल तर ट्रिम बॉक्स निवडा, ब्लीड आपोआप गळून पडेल. खोक्याच्या उघड्या चादरीत मात्र सगळी पॅनेलं शेजारी शेजारी असतात. तिथे क्रीझच्या, म्हणजे घडीच्या, रेषेवर अचूक कापून प्रत्येक दर्शनी पॅनेल वेगळं काढावं लागतं. मिलिमीटरभर इकडेतिकडे कापलं की कडेवरून वळणारं डिझाइन पुढे कधीच जुळत नाही.

रंगांचं एक सांगतो. आर्टवर्क सीएमवायके (छपाईच्या चार शाया) आणि फोटो आरजीबी (स्क्रीनचे तीन रंग) असेल तर आर्टवर्क त्याच्या प्रोफाइलसकट (आकड्यांचा रंग नेमका कसा दिसेल ते सांगणारी माहिती) घ्या आणि कन्व्हर्ट करा. असाइन प्रोफाइल वापरलं तर आकडे तेच राहतात आणि रंग बदलतो. याउलट मूळ डिझाइन आरजीबीतच केलेलं असेल, त्यात झगझगीत हिरवे-निळे असतील, तर ते आधी छपाईच्या प्रोफाइलमध्ये नेऊन मग परत आणा. स्क्रीनवरचा तो निऑन हिरवा साध्या चार रंगी छपाईत येत नाही, आणि न छापता येणारा रंग पॅकवर दाखवणं म्हणजे ग्राहकाची फसगत आहे.

आर्टवर्क किती पिक्सेलचं हवं, हा प्रश्न सतत चुकतो. '३०० डीपीआय आहे ना, मग झालं' असं म्हणतात. पण १२० मिलिमीटर उंचीचं पॅनेल ३०० वर जेमतेम १४१७ पिक्सेल उंच होतं. तुमच्या फोटोत तेच पॅनेल २२०० पिक्सेल उंच असेल तर आर्टवर्क ताणलं जाऊन मऊ पडणार. म्हणून डीपीआय सोडा आणि फोटोतलं पॅनेल पिक्सेलमध्ये मोजा. त्याच्या दीडपट ते दुप्पट आर्टवर्क तयार करा. लांबी-रुंदीचं प्रमाण मात्र खऱ्या पॅनेलचंच ठेवा, फोटोत दिसणाऱ्या आक्रसलेल्या बाजूचं नाही.

## टप्पा ३: फाइलची मांडणी

पेन टूलने पॅकच्या प्रत्येक दर्शनी बाजूचा स्वतंत्र पाथ काढून ठेवा. मॅजिक वाँड किंवा आपोआप होणारं सिलेक्शन पांढऱ्या पॅकवर हमखास फसतं, कारण उजळ कड आणि उजळ पार्श्वभूमी त्याला एकच वाटतात. प्रत्येक बाजूसाठी एक ग्रुप करा आणि पाथवरून बनवलेला मास्क (कोणता भाग दिसेल ते ठरवणारा पडदा) ग्रुपला लावा, आर्टवर्कच्या लेयरला नको. असं केलं की आर्टवर्क मास्कच्या आत मोकळेपणाने सरकवता येतं.

आर्टवर्कची जागा स्मार्ट ऑब्जेक्टने, म्हणजे आतलं चित्र नंतरही बदलता येईल अशा लेयरने, भरा. पण पहिल्यांदा त्यात खरं आर्टवर्क टाकू नका, चाचणीचं टाका. सारख्या चौकोनांची जाळी, तिच्यावर दोन-तीन अचूक वर्तुळं आणि बरोबर मध्यभागी एक फुली. हे सगळं पॅनेलच्याच मापाचं. सुंदर आर्टवर्कमध्ये डोळा डिझाइनकडे जातो आणि आकाराची चूक लपते, जाळीत ती लपत नाही. हा एक बदल केला तरी निम्म्या चुका जागेवरच सापडतील.

सावधान: एकच आर्टवर्क दोन ठिकाणी हवं असेल तर कंट्रोल आणि जेने प्रत काढा. दोन्ही प्रती जोडलेल्या राहतात, एकीत बदल केला की दुसरीत होतो. वेगवेगळ्या बाजूंना वेगवेगळं आर्टवर्क हवं असेल तर लेयरवर राइट क्लिक करून 'न्यू स्मार्ट ऑब्जेक्ट व्हाया कॉपी' निवडा. इथे गफलत झाली की समोरची बाजू बदलल्यावर शेजारच्या बाजूवरही तेच आर्टवर्क येऊन बसतं.

## टप्पा ४: आकार

### खोकं

फ्री ट्रान्सफॉर्ममध्ये डिस्टॉर्ट निवडून चार कोपरे जुळवायचे, एवढंच काम वाटतं. त्यात दोन खाचखळगे आहेत.

पहिला कोपऱ्यांचा. कार्डाचं खोकं अगदी टोकदार कधीच नसतं, कोपरे किंचित गोल असतात. दिसणाऱ्या गोल कोपऱ्यावर हँडल ठेवलं तर आर्टवर्क आत ओढलं जातं. त्यासाठी दोन्ही कडांवर सरळ रेषा काढून त्या पुढे वाढवा. रेषा जिथे छेदतात तो खरा कोपरा. बहुतेकदा तो पॅकच्या जरासा बाहेर असतो. हँडल तिथे ठेवा, बाहेर गेलेला भाग मास्क कापेल.

दुसरा खाचखळगा जास्त मोठा. बरेच जण डिस्टॉर्टऐवजी वॉर्पचे (लेयर वाकवणाऱ्या साधनाचे) चार कोपरे ओढतात. कडा जुळतात, पण आतलं अंतर चुकतं. लांब गेलेल्या बाजूकडे अक्षरं लहान आणि दाट व्हायला हवीत, वॉर्पमध्ये ती तशी होत नाहीत. जाळीवर हे लगेच पकडता येतं. फोटोतल्या बाजूचे दोन्ही कर्ण काढा. चाचणीची फुली कर्णांच्या छेदावर असेल तर पर्स्पेक्टिव्ह बरोबर आहे. ती जवळच्या कडेकडे सरकलेली असेल तर वॉर्प रद्द करून डिस्टॉर्टने पुन्हा बसवा. बाजू थोडी फुगलेली असेल तर डिस्टॉर्ट झाल्यावर वरून हलका वॉर्प द्या, आधी नाही.

कोपरे नेमके निवडले गेलेत का याची शंका असेल तर व्हॅनिशिंग पॉइंट फिल्टर उघडून त्याच चार बिंदूंवर जाळी टाका. जाळी निळी राहिली तर बिंदू शक्यतेतले आहेत, लाल किंवा पिवळी झाली तर काहीतरी चुकतंय. हे फिल्टर स्मार्ट फिल्टर म्हणून (नंतर बदलता येईल असं) चालत नाही, त्यामुळे आर्टवर्क बसवायला ते वापरू नका. तपासायला उत्तम आहे.

दोन बाजूंवरून सलग जाणारं डिझाइन असेल तर सामाईक कडेवर दोन्ही स्मार्ट ऑब्जेक्टचे कोपरे त्याच दोन बिंदूंवर हवेत. जाळीच्या आडव्या रेषा कडेवर एकमेकींना भिडतात का ते २०० टक्क्यांवर पाहा.

### बाटली, डबा, नळकांडं

गोल पॅकवर सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे लेबल वरखाली वाकवलं जातं, पण कडांकडे आक्रसलं जात नाही. त्यामुळे लेबल बाटलीवर गुंडाळलेलं न वाटता बाटलीसमोर धरल्यासारखं वाटतं.

आकडे पाहा. ७० मिलिमीटर व्यासाच्या बाटलीचा घेर साधारण २२० मिलिमीटर. समोरून त्याचा फार तर अर्धा भाग दिसतो, म्हणजे ११० मिलिमीटर. कॅमेरा जवळ असेल तर त्याहून थोडा कमी. हे ११० मिलिमीटर फोटोत ७० मिलिमीटरच्या रुंदीत मावतात, पण सगळीकडे सारखे दबत नाहीत. दिसणाऱ्या अर्ध्या घेराचे सहा समान उभे पट्टे केले, तर डावीकडून उजवीकडे फोटोतली त्यांची रुंदी व्यासाच्या ६.७, १८.३, २५, २५, १८.३ आणि ६.७ टक्के येते. म्हणजे लेबलवरचे टोकाचे १८ मिलिमीटर फोटोत पावणेपाच मिलिमीटरमध्ये दबतात.

कृती अशी. आर्टवर्कमधून फक्त दिसणारा अर्धा घेर कापा. फ्री ट्रान्सफॉर्ममध्ये जाऊन वॉर्प घ्या. उभ्या दुभाजकांनी आर्टवर्कचे सहा समान भाग करा आणि ते दुभाजक वरच्या टक्क्यांच्या जागी सरकवा. नव्या आवृत्त्यांत वॉर्पच्या यादीत सिलिंडर हा पर्याय आहे, त्याने बरंचसं काम होतं. तरीही जाळीवर तपासूनच पुढे जा.

मग वरची आणि खालची कमान. इथे दुसरी चूक होते, दोन्ही कमानींना सारखाच बाक दिला जातो. कॅमेरा बाटलीच्या मध्याच्या उंचीवर असेल तर लेबलची वरची कड वर आणि खालची कड खाली फुगते. कॅमेरा बाटलीपेक्षा उंच असेल तर दोन्ही कडा खाली फुगतात, आणि खालची कड जास्त. अंदाज करू नका. बाटलीवरच मोजपट्ट्या असतात: झाकणाची कड, गळ्याची रेघ, तळाची गोलाई. त्या प्रत्येकीवर एक लंबवर्तुळ बसवून पाहा. लेबलच्या कडेचा बाक तिच्या वरच्या आणि खालच्या लंबवर्तुळांच्या मधला असायला हवा.

तपासणी: चाचणीचं मधलं वर्तुळ जवळजवळ गोल आणि कडेकडचं वर्तुळ उभं, अरुंद दिसतंय का? दोन्ही सारखी दिसत असतील तर आक्रसण झालेलं नाही.

### पाऊच आणि मऊ पॅक

इथे वॉर्पने साधारण फुगवटा जुळवायचा आणि वळ्यांसाठी डिस्प्लेस फिल्टर वापरायचं. डिस्प्लेस फोटोच्या उजेड-अंधारावरून आर्टवर्कचे पिक्सेल सरकवतं. १२८ म्हणजे मधला राखाडी, तिथे काहीच हलत नाही. त्याहून गडद भाग एका दिशेला सरकतो आणि फिकट भाग उलट दिशेला.

1. फोटोची प्रत काढा, पॅकखेरीज बाकी सगळं मधल्या राखाडीने भरा आणि प्रत ग्रेस्केल करा.
2. कर्व्ह्जने पॅकचा सर्वसाधारण टोन १२८ च्या आसपास आणा. ही पायरी गाळली की अख्खं आर्टवर्क एकाच बाजूला सरकतं आणि लोक ते हाताने परत ओढत बसतात.
3. गॉशियन ब्लर द्या. दोन-अडीच हजार पिक्सेलच्या पाऊचला ३ ते ८ पिक्सेल पुरतात. ब्लर न दिलेला नकाशा कागदाचा पोतसुद्धा वळी समजतो आणि अक्षरांच्या कडा कुरतडल्यासारख्या होतात.
4. ८ बिटची पीएसडी म्हणून जतन करा. इतर प्रकारची फाइल हे फिल्टर घेत नाही.
5. मूळ फाइलमध्ये आर्टवर्कच्या स्मार्ट ऑब्जेक्टवर डिस्प्लेस लावा. आडवं आणि उभं प्रमाण ५ पासून सुरू करा. १०० ला पिक्सेल जास्तीत जास्त १२८ पिक्सेलपर्यंत सरकतात, त्यावरून अंदाज येईल. दिशा उलटी वाटली तर आकडा ऋण करा.

आर्टवर्कमधल्या वळ्या फोटोतल्या वळ्यांपेक्षा सरकलेल्या दिसल्या, तर नकाशा आणि लेयर एका मापाचे नाहीत असं समजा. आर्टवर्कखाली कॅनव्हासभर जेमतेम दिसेल असा एक टक्का फिलचा लेयर ठेवा, दोन्ही मिळून एक स्मार्ट ऑब्जेक्ट करा आणि डिस्प्लेस त्यावर लावा.

सीलची पट्टी डिस्प्लेसवर सोडू नका. तिथल्या बारीक दातऱ्या ब्लरमध्ये गेलेल्या असतात. त्या टप्पा ५ मध्ये उजेडातून परत येतील.

## टप्पा ५: उजेड

आकार जुळल्याशिवाय इथे येऊ नका.

मल्टिप्लाय म्हणजे दोन आकड्यांचा गुणाकार भागिले २५५. पॅकचा कागद फोटोत २०० ला आहे आणि आर्टवर्कचा रंग १८० चा, तर उत्तर येतं १४१. म्हणजे सावली नसलेल्या जागीसुद्धा रंग काळवंडला. मल्टिप्लायने आर्टवर्क मळकट दिसतं त्याचं हेच कारण, आणि लोक मात्र आर्टवर्कचा रंग वाढवून भरपाई करायला बघतात. दुसरी अडचण आणखी मोठी आहे. काळ्याला कशानेही गुणलं तरी काळंच येतं. गडद छपाईवर चमक मल्टिप्लायने कधीच येणार नाही.

म्हणून सावली आणि चमक फोटोतून वेगवेगळी काढायची.

सावलीचा लेयर. फोटोच्या लेयरची प्रत ग्रुपमध्ये आर्टवर्कच्या वर ठेवा. ब्लेंड मोड मल्टिप्लाय. रंग उडवा, पण पूर्ण नाही, थोडी गरम-थंड छटा राहू दिली तर पॅक दृश्यात मिसळतो. आता लेव्हल्सचा (काळा-पांढरा टोन ठरवणाऱ्या साधनाचा) पांढरा स्लायडर कागदाच्या उजळ, चमक नसलेल्या भागाच्या आकड्यावर आणा, आपल्या उदाहरणात २०० वर. उजळ कागद २५५ झाला, म्हणजे तिथे आर्टवर्कचा रंग जसाच्या तसा दिसेल. सावलीतली बाजू मात्र सावलीतच राहील. खोक्याच्या दोन्ही बाजूंना हीच एक लेव्हल्स लावा. प्रत्येक बाजू वेगळी उजळवली की बाजूंमधला फरक संपतो आणि खोकं चपटं होतं.

चमकेचा लेयर. फोटोची आणखी एक प्रत, सगळ्यात वर, ब्लेंड मोड स्क्रीन (मल्टिप्लायच्या उलट, उजळ करणारा). इथे लेव्हल्सचा काळा स्लायडर २०० किंवा त्याच्या किंचित पुढे आणा. कागद काळा होऊन नाहीसा होतो आणि फक्त चमक उरते. अपारदर्शकता ४० ते ७० टक्क्यांमध्ये कुठेतरी थांबेल. एक्स्पोजर कमी ठेवायला का सांगितलं, ते इथे कळेल.

वेगळा लेयर न करता झटपट काम हवं असेल तर आर्टवर्कच्या लेयर स्टाइलमधल्या ब्लेंड इफमध्ये अंडरलाइंग लेयरचा (खालच्या लेयरचा) पांढरा स्लायडर ऑल्ट दाबून दोन तुकड्यांत फोडा आणि डावा तुकडा आत ओढा. खालची चमक आर्टवर्कमधून वर येते. फिकट आर्टवर्कला हे चालतं, गडदला कमी पडतं.

तपासणी: स्मार्ट ऑब्जेक्ट आळीपाळीने तीन सपाट रंगांनी भरून पाहा. पूर्ण पांढरा भरल्यावर पॅक मूळ कोऱ्या फोटोसारखाच, जरा उजळ दिसला पाहिजे. पूर्ण काळा भरल्यावर घडी, सील आणि चमक ओळखू आली पाहिजे. भडक लाल भरल्यावर सावलीतली बाजू गडद लाल दिसावी, राखाडी किंवा तपकिरी नको. तिन्ही रंगांत पॅक पटला तर कोणतंही आर्टवर्क पटेल. एकातही अडखळला तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ६: छपाई कशावर आहे?

मॅट लॅमिनेशन असेल तर चमकेचा लेयर ब्लर करून पसरवा आणि आर्टवर्कमधला काळा थोडा वर उचला, कर्व्ह्जमध्ये काळ्या टोकाचं आउटपुट १५ ते २५ वर. मॅटवरचा काळा गडद राखाडीकडे झुकतो. चकचकीत पॅकवर याच्या उलट: काळा खोल आणि चमकेच्या कडा धारदार. मॅट पॅकच्या फोटोवर चकचकीत पॅक दाखवायचा प्रयत्न करू नका, ते प्रतिबिंब त्या फोटोत नाहीच.

क्राफ्ट कागदावर शाई पारदर्शक असते. आर्टवर्क मल्टिप्लायमध्ये ठेवा आणि कागदाचा तपकिरी रंग खालून येऊ द्या. इथे सावलीच्या लेयरमधून रंग पूर्ण काढा, नाहीतर तपकिरी दोनदा गुणला जातो. पांढरी शाई असेल तर तो भाग वेगळ्या लेयरवर नॉर्मलमध्ये, ९० टक्क्यांच्या आसपास. चंदेरी पाऊचचाही न्याय हाच. खाली पांढरा थर न देता छापलेले रंग धातूवर मल्टिप्लाय होतात, पांढरा थर दिलेले नॉर्मल राहतात. कुठे पांढरा थर आहे हे आर्टवर्क करणाऱ्याला विचारा, फाइलमध्ये बहुधा त्याचा वेगळा स्पॉट रंग (चार शायांपलीकडची वेगळी शाई) असतो.

फॉइल आणि स्पॉट यूव्हीला (ठरावीक जागीच दिलेल्या चकचकीत लेपाला) त्यांच्या आकाराचा मास्क करून चमकेच्या लेयरची वेगळी, जास्त तीव्र प्रत लावा. पिवळा-तपकिरी ग्रेडियंट म्हणजे सोनेरी फॉइल नव्हे. फॉइल शेजारच्या उजेडाप्रमाणे उजळतं आणि काळवंडतं, म्हणून त्यातही फोटोतलाच उजेड हवा.

## टप्पा ७: कडा

आर्टवर्क कडेपर्यंत चोख भरलेलं असलं की ते स्टिकरसारखं दिसतं. खऱ्या खोक्याच्या घडीवर कार्ड वाकलेलं असतं, त्या बारीक पट्टीवर उजेड वेगळा पडतो. फोटोत ती पट्टी आहेच. दोन्ही बाजूंचे मास्क घडीवर एकमेकांना नेमके भिडू द्या आणि चमकेच्या लेयरमध्ये ती कड दिसते का पाहा. गडद छपाईवर पुसट होत असेल तर त्याच लेयरची प्रत फक्त घडीपुरत्या मास्कने वाढवा.

मास्कच्या कडेला अर्ध्या ते एक पिक्सेलचं फेदर (कडेचा मऊपणा) द्या. फोटोत एकही कड वस्तऱ्याने कापल्यासारखी नसते. पाठीमागे गेलेली कड फोकसच्या बाहेर असेल तर तिथला मास्क तेवढाच जास्त मऊ हवा. पॅकच्या बाह्यरेषेवर पांढरी किनार राहिली असेल तर मास्क अर्धा पिक्सेल बाहेर ढकला.

## टप्पा ८: धार आणि कण

आर्टवर्क वेक्टरमधून आलेलं असतं, त्याची धार कोणत्याही लेन्सपेक्षा जास्त असते. फोटोतली एखादी नेमकी कड आणि आर्टवर्कमधलं एखादं अक्षर १०० टक्क्यांवर शेजारी पाहा आणि ०.३ ते ०.८ पिक्सेल गॉशियन ब्लर स्मार्ट फिल्टर म्हणून द्या. बाजू मागे जात असेल तर फिल्टरच्या मास्कवर ग्रेडियंट टाकून ब्लर मागे वाढवा.

मग नॉइज: एक ते दोन टक्के, मोनोक्रोमॅटिक, तोही स्मार्ट फिल्टर म्हणूनच. फोटोच्या मोकळ्या भागातल्या कणांशी जुळला की थांबा.

सावधान: ब्लर आधी, नॉइज नंतर. क्रम उलटला तर कणही धूसर होतात आणि आर्टवर्कवर डाग पडल्यासारखं दिसतं.

## टप्पा ९: पॅकच्या आजूबाजूला

ही पायरी जवळजवळ सगळेच विसरतात. कोरा पांढरा पॅक टेबलावर पांढरा उजेड टाकतो. तो लाल झाला की टेबलावर, पॅकच्या पायथ्याशी, किंचित लाल झाक यायला हवी. मऊ ब्रशने आर्टवर्कचाच रंग घेऊन, कलर मोडमध्ये, ८ ते १५ टक्क्यांवर. पांढऱ्या टेबलावर कलर मोड जवळपास काहीच करत नाही, तिथे मल्टिप्लाय घ्या आणि टक्के आणखी कमी करा. शेजारी दुसरा फिकट पॅक असेल तर त्याच्या जवळच्या बाजूवरही ही झाक येते.

टेबल चकचकीत असेल तर प्रतिबिंबातलं पॅनेलही भरावं लागतं. सरळ बाटली कॅमेऱ्यासमोर असेल तर आर्टवर्क उलटं करून चालून जातं. कोनात ठेवलेल्या खोक्याला ते चालत नाही, कारण प्रतिबिंबाचं पर्स्पेक्टिव्ह वेगळं असतं. उलटं केलेलं आर्टवर्क प्रतिबिंबाच्या चार कोपऱ्यांवर पुन्हा डिस्टॉर्ट करा.

## टप्पा १०: खरं आर्टवर्क, शेवटची नजर आणि जतन

आता स्मार्ट ऑब्जेक्टवर डबल क्लिक करून जाळीच्या जागी खरं आर्टवर्क टाका. जाळीचा लेयर पुसू नका, बंद करून ठेवा.

- इमेज आडवी उलटी करून पाहा. सवयीने दिसेनासे झालेले तिरपे कोपरे उलट्या चित्रात चटकन दिसतात.
- वर एक काळा-पांढरा ॲडजस्टमेंट लेयर चढवा. रंग नसताना पॅक बाकी दृश्यापेक्षा जास्त कडक किंवा फिका वाटला तर उजेडाचं प्रमाण चुकलंय.
- झूम १५ टक्क्यांवर न्या. पॅक दृश्यातून सुटून वर आल्यासारखा वाटला तर आधी काळ्या टोनकडे बघा. आर्टवर्कमधला काळा फोटोतल्या सगळ्यात गडद सावलीपेक्षा गडद असतो, ही ठरलेली तक्रार आहे.
- बारीक मजकूर आणि बारकोड १०० टक्क्यांवर वाचा. डिस्प्लेसने बारकोडच्या रेषा मोडल्या असतील तर त्या भागापुरता फिल्टरचा मास्क सौम्य करा.

लेयर न जोडता पीएसडी जतन करा. वेबसाठी एसआरजीबीमध्ये बदलून प्रोफाइलसकट जेपीईजी काढा. नंतर कधी आर्टवर्कचा रंग बदलला तर पॅकवर तो आपोआप बदलेल, टप्पा ९ मधली टेबलावरची झाक मात्र जुन्याच रंगाची राहील. ती हाताने बदला.